तिला न येणारा वास

शालूला बारावं वर्ष लागलं, त्या वर्षी वर्गातल्या मुलींनी तिच्या बाकावर बसणं सोडलं. भांडण झालं नव्हतं. एका सोमवारी ती शाळेत आली, तर तिच्या बाकावरच्या दोघी मागे जाऊन तिसरीला चिकटून बसल्या होत्या. बाईंनी हजेरी घेता घेता तिलाच सांगितलं, तू खिडकीपाशी बस, तिथे हवा चांगली आहे. शालूला वाटलं, बरं झालं, खिडकी मिळाली. मधल्या सुट्टीत एका मुलीने विचारलं, "तुमच्या घरी मासोया खातात का वं?"

शालूच्या घरी मासे शिजणं शक्यच नव्हतं. वडील चंद्रभान माळकरी. मूर्तिजापूरच्या शिवेवर त्यांचा दोन एकरांचा मळा होता. त्यात वांगी, मेथी, झेंडू, शेवंती. पहाटे सायकलला टोपल्या बांधून ते बाजारात जायचे, आणि घरात कांदा-लसूण आला तरी एकादशीला तो चुलीपासून लांब ठेवायचे. असल्या घरच्या मुलीला मासोळीचं विचारलं म्हणून शालूला आधी हसूच आलं. पण घरी जाईपर्यंत हसू मावळलं आणि तिने आईला विचारलं, माझ्या अंगाला वास येतो का?

सुभद्राबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी हात धुतले, मुलीला जवळ ओढलं, तिच्या डोक्याला नाक लावून लांब श्वास घेतला. "मले तं काही येत नाही," त्या म्हणाल्या. "जयतात त्या पोरी तुह्यावर. तुहा पयला नंबर येते म्हून."

शालूने ते मानलं. तिला स्वतःलाही काही येत नव्हतं. ती फ्रॉकची बाही हुंगायची, हाताचा कोपरा हुंगायची. साबणाचा वास यायचा, बाकी काही नाही. नाक मात्र तिचं चांगलं तिखट होतं. मेथीची जुडी आदल्या दिवशीची की आजची, हे ती डोळे मिटून सांगायची. म्हणून आपलंच अंग आपल्याला कळत नसेल, असं तिच्या मनातही आलं नाही.

आईने मात्र त्या दिवसापासून तिच्या आंघोळी वाढवल्या. सकाळी एक, शाळेतून आल्यावर दुसरी, पाण्यात कडुलिंबाचा पाला. वास येत नाही तर हे कशाला, असं शालूने कधी विचारलं नाही. मुलगी वाळत चालली म्हणून आईने तिच्या खाण्याकडेही लक्ष दिलं. सोयाबीन तेव्हा वऱ्हाडात नवं नवं आलं होतं आणि ताकदीचं म्हणून बायका ते गव्हात घालून दळून आणायच्या. सुभद्राबाईंनी प्रमाण जरा जास्तच ठेवलं. शिवाय शेंगदाण्याची चटणी, भिजवलेले हरभरे. शालू आवडीने खायची.

पंधराव्या वर्षापर्यंत ती माणसांचे चेहरे वाचायला शिकली. वास येतो की नाही हे तिला आपल्या नाकाने कळत नव्हतं, ते दुसऱ्याच्या नाकावरून कळायचं. नाकपुडी जराशी आक्रसायची. बोलणारा माणूस मान किंचित मागे घ्यायचा. पदराचं टोक वर जायचं. कोणी म्हणायचं, इथलं गटार तुंबलेलं दिसतं. महिन्यातले काही दिवस बरे जायचे, काही दिवस फार वाईट, आणि आज कोणता दिवस आहे हे समोरचा माणूस जवळ आल्याशिवाय समजायचं नाही.

तिला सगळ्यात नवल वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीचं. लोक फक्त लांब सरकत नव्हते, तिच्याबद्दल त्यांचं मतही वाईट व्हायचं. दहावीनंतर ती शिवणकाम शिकायला जात होती. तिथे एकदा कात्री हरवली. पंधरा मुली होत्या, पण बाईंनी पिशवी तपासली ती एकट्या शालूची. कात्री नंतर कापडाच्या ढिगात सापडली. बाई मनाने वाईट नव्हत्या. त्यांनी शालूला बाजूला घेऊन माफी मागितली, आणि मागता मागता म्हणाल्या, काय झालं मला कोण जाणे, तूच डोळ्यांसमोर आलीस. माफी मागतानाही त्या दोन हात लांब उभ्या होत्या. शालूला तेव्हा अंधूक कळलं की नाकाला जे पटत नाही, त्याची कारणं डोकं नंतर शोधत बसतं.

बाविसाव्या वर्षी तिचं लग्न झालं. मुलगा तिवस्याचा, नाव बंडू, घरची पाच एकर काळी जमीन. बघायला आले तेव्हा बैठक अंगणात होती, वारा चांगला होता, आणि दिवसही बरा असावा. लग्न थाटात झालं. पुढे एकोणीस दिवस ती सासरी राहिली.

बंडूने तिला कधी हात लावला नाही, म्हणजे मारलं नाही. चौथ्या दिवसापासून तो ओट्यावर झोपू लागला. घरात सासू धूप घालायची, उदबत्त्या लावायची आणि कशासाठी ते बोलायची नाही. शालू पहाटे उठून आंघोळ करायची, दुपारी करायची, दिवेलागणीला करायची. विहिरीचं पाणी संपवते म्हणून जाऊ पुटपुटायची. बंडू जेवायला बसला की त्याच्या कपाळाची शीर ताठ व्हायची. भाजी अळणी म्हणून तो ताट सरकवायचा आणि लगेच ओशाळून तेच ताट पुन्हा ओढून घ्यायचा.

एकोणिसाव्या दिवशी तो स्वतः तिला एस.टी.ने मूर्तिजापूरला सोडायला आला. अमरावतीच्या स्थानकावर गाडी बदलायची होती, तिथे बाकावर मध्ये पेटी ठेवून दोघं बसली. बंडू खाली बघत बोलला.

"तू वाईट नाहीस. वावरात असलो का मले तुह्याबद्दल चांगलंच वाटते. आज घरी जाऊन नीट बोलू म्हणतो. अन् जवळ आलो का डोकंच फिरते. काहून फिरते, मले बी समजत नाही."

शालूने विचारलं, "वास येते म्हून?"

त्याने मान हलवली नाही, नाहीही म्हटलं नाही. थोड्या वेळाने तो तिच्यासाठी रसवंतीतून उसाचा रस घेऊन आला, आणि ग्लास हातात न देता बाकावर ठेवला. पुढे त्याने दुसरं लग्न केलं. शालूने त्याला कधी शिव्या दिल्या नाहीत. खरं तर, आयुष्यात कोणी तिच्याशी इतकं खरं बोललं नव्हतं.

शालू माहेरी परत आल्यावर सुभद्राबाईंनी तिच्या सासरच्यांना खूप बोल लावले. मुलीला कुशीत घेऊन त्या म्हणाल्या, लोकांची नाकंच सडकी आहेत, मला तर आजवर काही आलं नाही. रात्री त्या शालूला खेटून निजायच्या. अख्ख्या जगात एकच चेहरा असा होता की तो जवळ आला तरी नाकपुडी हलत नव्हती. शालूने तो चेहरा हजारदा तपासला होता.

वडील वारले, मळा धाकटा भाऊ गोपाल बघू लागला. त्याचं लग्न झालं, घरात भावजय आली. शालूने कोणी काही बोलायच्या आत आपली सोय बघितली. अमरावतीत रहाटगावच्या पुढे एक रोपवाटिका होती, संत्र्याची कलमं करणारी. मालक केशवराव साठीला आलेले. त्यांना तपकिरीची जुनी सवय होती, त्यामुळे त्यांच्या नाकाला दुसरं फारसं काही कळत नसावं. त्यांनी शालूचे हात बघितले, चाकू कसा धरते ते बघितलं आणि दुसऱ्या दिवसापासून यायला सांगितलं.

तिथे तिचं बस्तान बसलं. जंबेरी लिंबाच्या रोपाच्या सालीत चीर पाडायची, संत्र्याच्या काडीवरचा डोळा, म्हणजे न फुटलेला कोंब, अलगद काढून त्या चिरेत बसवायचा, पट्टी गुंडाळायची. दिवसाला तीनशे-साडेतीनशे डोळे ती भरायची, आणि त्यातले फार थोडे वाया जायचे. काम उघड्यावर होतं. शेणखत आणि पेंडेचा वास सगळीकडे भरलेला असल्यामुळे गिऱ्हाइकांना वेगळं काही वाटलं तर ते खतालाच नावं ठेवायचे. बाकीची काळजी शालू घ्यायची. सकाळी फाटकातून आत आली की आधी वारा कुठून येतो ते ती बघायची. माणसाशी बोलायचं तर असं उभं राहायचं की वारा त्याच्याकडून आपल्याकडे येईल. बरोबरच्या बायका डबे घेऊन झाडाखाली बसायच्या, ती टाकीमागे बसायची. त्या तिला शिष्ट म्हणायच्या.

रोपवाटिकेपासून चालत दहा मिनिटांवर एका ओळीत सहा खोल्या होत्या, त्यातली शेवटची तिची. तिथे राहून तिला सोळा वर्षं झाली. त्या सोळा वर्षांत तिच्या खोलीत आई सोडून कोणी पाच मिनिटांच्या वर बसलं नाही. आई वर्षातून दोनदा यायची, येताना सोयाबीन घालून दळलेलं पीठ आणायची.

मग करोना आला. लोक त्या वर्षांची आठवण काढून अजून हळहळतात. शालू कोणाजवळ बोलत नाही, पण तिचे ते दिवस सुखाचे गेले. सगळ्या गावाने नाकाला फडकं बांधलं. सहा फूट लांब उभं राहायचा हुकूमच निघाला. दुकानासमोर चुन्याचे गोल आखले होते आणि प्रत्येक जण आपापल्या गोलात एकटा उभा होता. शालू तिच्या गोलात उभी राहून पुढच्या-मागच्यांकडे बघायची. तिला वाटायचं, आता सगळे माझ्यासारखेच झाले. बाहेर माणसं मरत होती, आणि आपल्याला हलकं वाटतं, याची तिला लाजही वाटायची.

दुसऱ्या लाटेत, एप्रिलमध्ये, शेजारच्या खोलीतली पौर्णिमा आजारी पडली. अठ्ठावीस-एकोणतीसची पोर, लग्नाला तीन वर्षं झालेली. नवरा ट्रकवर ड्रायव्हर, तो तिकडे गुजरातेत अडकलेला. तिच्या दाराशी कोणी जाईना. शालू रोज दोन वेळा डबा नेऊन उंबऱ्यावर ठेवू लागली, नंतर आतही जाऊ लागली. ताप उतरला, खोकला गेला, पण पौर्णिमाचं नाक गेलं ते गेलंच. कापूर नाकाशी धरला तरी काही नाही. जेवण मातीसारखं लागतं म्हणून ती रडायची.

त्या आजारपणातून दोघींची गट्टी जमली. पौर्णिमा बोलकी होती. ती संध्याकाळी आपलं ताट घेऊन शालूच्या खोलीत यायची, मांडीला मांडी लावून बसायची आणि शालूच्याच ताटातली चटणी बोटाने उचलायची. पहिल्या दिवशी शालू सरकली, तशी तीही सरकली. शेवटी भिंत आली. एका रविवारी पौर्णिमा खोबरेल तेलाची बाटली घेऊन आली आणि म्हणाली, ताई, बसा इथं, केसाचं काय करून ठेवलं हे. तिने शालूच्या डोक्याला तेल लावलं, बोटांनी चोळून चोळून, मग घट्ट वेणी घातली. आई सोडून दुसऱ्या माणसाचा हात शालूच्या केसांत कधी गेला नव्हता. वेणी घालून झाल्यावर शालूने उगाच स्टोव्हपाशी जाऊन चहा टाकला आणि बराच वेळ पाठ फिरवून उभी राहिली.

असे सात महिने गेले. शालू रोपवाटिकेतून येताना पौर्णिमासाठी कधी गुलाबाचं रोप, कधी पेरू आणायची. कोणी आपली वाट बघतं, ही गोष्ट तिला नवी होती. त्या दिवसांत ती सरळ चालत घरी यायची, वारा न बघता.

नोव्हेंबरातली गोष्ट. सुट्टीचा दिवस होता, दुपारचे बारा वाजले असतील. शेजारून पौर्णिमाची आरोळी आली, "ताई, आला! लसणाचा वास आला!" फोडणीची पळी हातात तशीच धरून ती धावत आली. शालूही दाराकडे धावली. पौर्णिमा उंबरा ओलांडून आत आली, शालूचा दंड धरला आणि थांबली.

शालूने ते बघितलं. नाकपुडी जराशी आक्रसली. मान एवढीशी मागे गेली. पौर्णिमा हसत होती, पण ते हसू आता तिने धरून ठेवलेलं होतं. फोडणी करपेल, असं म्हणून ती परत गेली.

त्यानंतर दहा दिवस पौर्णिमाला काही ना काही काम निघालं. कधी डोकं दुखत होतं, कधी नवऱ्याचा फोन यायचा होता. शालू दार लावून घेऊ लागली. जेवताना ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसू लागली, आणि आता ते आधीपेक्षा जड जात होतं. आधी तिला सवय होती.

अकराव्या दिवशी पौर्णिमा आली. आत आली नाही, उंबऱ्यावर उभी राहिली. तिचे डोळे सुजलेले होते.

"ताई, मले सांगू द्या. तुमच्या अंगाले वास येते. मासोयीसारखा. मले नाक नव्हतं म्हून मले समजलं नाही. मी दहा दिवस मनाले सांगून राहिली, का ही तीच ताई आहे जिनं मले जगवलं. अन् जवळ आली का मायं मन तुमच्याबद्दल उलटंच बोलते. मले माहीच लाज वाटून राहिली."

पौर्णिमाने पुढे सांगितलं की तिने फोनवर शोधलं, असा एक आजार असतो. तिच्या मावसबहिणीची जाऊ अकोल्याच्या एका दवाखान्यात नर्स होती, तिलाही विचारलं. ती म्हणाली, आमच्या डॉक्टरबाईंना दाखवा. पौर्णिमाने चिठ्ठीवर नंबर लिहून आणला होता. ती चिठ्ठी तिने उंबऱ्यावर ठेवली.

चार दिवस शालूने पौर्णिमाकडे बघितलं नाही. चिठ्ठी मात्र तिने उचलून डब्यात ठेवली होती. पाचव्या दिवशी तिने फोन केला. डॉक्टरबाईंनी एकच सांगितलं, लहानपणापासून तुम्हाला ओळखणारं कोणी तरी सोबत आणा, कारण तुम्हाला स्वतःला हे सांगता येणार नाही.

ती बडनेऱ्याहून गाडीत बसली, मूर्तिजापूरला सुभद्राबाई चढल्या. आई आता सत्तरीच्या पुढे, गुडघ्यांनी थकलेली. ती मुलीच्या शेजारी बसली आणि डोकं तिच्या खांद्याला टेकून अकोल्यापर्यंत झोपली.

डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी तोंडाला मास्क लावला नव्हता आणि खुर्ची जवळ ओढून घेतली होती. खाणं काय, पाळी कशी, कोणत्या दिवशी जास्त होतं, असं सगळं त्यांनी विचारलं. मग त्या सुभद्राबाईंकडे वळल्या. "मावशी, मला अगदी खरं सांगा. ताईंच्या अंगाला वास येतो का?"

सुभद्राबाई पदराशी चाळा करत राहिल्या. शालूने आईकडे बघितलंही नाही, उत्तर तिला माहीत होतं.

"येते," सुभद्राबाई म्हणाल्या. "बाराव्या वर्सापासून येते."

डॉक्टरबाई लिहू लागल्या. किती वेळ राहतो, आंघोळीने जातो का, असं विचारत राहिल्या आणि आई एकेक सांगत राहिली. पाळीच्या आधी चार दिवस फार, थंडीत कमी, सोयाबीनचं पीठ नवीन दळून आणलं की जास्त. तीस वर्षांची सगळी नोंद त्या माउलीच्या डोक्यात होती. शालू समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचत बसली होती, आणि एकही अक्षर तिला लागत नव्हतं.

लघवीचा नमुना बाहेरगावी पाठवावा लागला. निकाल आल्यावर डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं. काही खाण्यांतून पोटात एक वासाचा पदार्थ तयार होतो. सगळ्यांच्याच होतो, पण बाकीच्यांचं यकृत तो मोडून टाकतं. शालूच्या यकृतात ती ताकद जन्मापासून कमी होती, म्हणून तो घामातून, श्वासातून बाहेर पडायचा. यात अस्वच्छतेचा काही संबंध नाही. आणि रोजच्या वासाला आपलं नाक सरावतं, म्हणून तिला तो कळत नव्हता. आजार मुळातून जाणार नाही, पण कमी होईल. सोयाबीन बंद, शेंगदाणे, हरभरे, वाटाणा, कोबी अगदी बेताने. साबण कोणता वापरायचा तेही त्यांनी लिहून दिलं.

सोयाबीनचं नाव निघालं तेव्हा सुभद्राबाईंनी कपाळावर हात मारला नाही की रडल्या नाहीत. त्या नुसत्या म्हणाल्या, "म्या तं ताकदीसाठी घातलं बाई."

पहिल्या भेटीच्याच दिवशी, परतताना अकोल्याच्या स्टेशनवर बसल्या असताना, शालूने विचारलं होतं, "मग तू काहून नाही म्हणत होती?"

"साऱ्या गावानं हो म्हटलं होतं. एकानं तं नाही म्हणायले पायजे होतं."

"तू तेवाच सांगतलं असतं, तं मी तेवाच दवाखान्यात गेली असती."

"तेवाच्या डॉक्टरले तरी काय ठावं होतं, माय?"

शालूला दोन्ही खरं वाटलं, आणि दोन्हींचा राग आला. तिने जन्मभर माणसांचे चेहरे वाचले होते आणि सगळ्यात जवळचा चेहरा तिला वाचता आला नव्हता. तीस वर्षं ती बाई जवळ असली की तिला खेटूनच झोपली, श्वास न अडखळता. गाडी आल्यावर आईला चढताना हात द्यायला ती पुढे झाली आणि नकळत अर्धं पाऊल मागे सरली. आयुष्यात पहिल्यांदाच आईपासून.

चार महिन्यांत फरक पडला. पौर्णिमा रविवारी उंबऱ्यावर येऊन सांगायची, आज थोडा आहे, आज नाही. नसला की ती आत येऊन बसायची. पण आता शालूलाच जमेना. पौर्णिमा जवळ सरकली की ती उठून काही तरी आणायला जायची. तेलाची बाटली पौर्णिमाने एकदा काढली होती, शालूने डोकं दुखतं म्हणून टाळलं. वास कमी झाला, तरी लांब राहायची तीस वर्षांची सवय अंगात मुरलेली होती. डॉक्टरबाईंच्या कागदावर त्या सवयीसाठी काही लिहिलेलं नव्हतं. पुढल्या वर्षी पौर्णिमाच्या नवऱ्याला नागपूरच्या एका कंपनीत काम मिळालं आणि खोली रिकामी झाली. फोन येतो अधूनमधून. फोनवर त्या छान बोलतात.

दोन वर्षांमागे माघात सुभद्राबाई गेल्या. शालू मूर्तिजापूरला पोचली तेव्हा अंगण बायकांनी भरलं होतं. आपल्याकडे मयताच्या घरी बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडतात. त्याच गावच्या बायका, शाळेतल्या दोघीतिघी, जुन्या शेजारणी, हात पसरून शालूकडे आल्या. त्या दिवशी तिच्या अंगाला काही वास नव्हता. पथ्य नीट चाललं होतं, साबण लावला होता. पहिलीने गळ्यात हात टाकला तशी शालू ताठ झाली आणि मागे सरली. दुसरी आली, तिच्यापासूनही सरली. सरत सरत ती ओट्याच्या टोकाला जाऊन एकटी उभी राहिली. डोळ्यांतून पाणी येईना. तिचं सगळं लक्ष वारा कुठून येतो याकडे लागलं होतं. मोठी कठोर आहे म्हणे ही, असं कोणी तरी बोललं ते तिने ऐकलं. गोपालने हाक मारून आईच्या तोंडात पाणी घालायला बोलावलं, तेव्हा ती गेली, वाकली आणि आईच्या केसांना नाक लावलं. खोबरेल, घाम, चुलीचा धूर. तेवढ्यापुरतं तिला रडू फुटलं.

पौर्णिमा आधीच लांब गेली होती, आता आईही गेली आणि एक वेगळीच अडचण उभी राहिली. आज वास येतो आहे की नाही, हे सांगायला आता जवळ कोणीच उरलं नव्हतं. आरशात दिसत नाही, हाताला लागत नाही. चेहऱ्यांवरचा तिचा विश्वास तर अकोल्यालाच उडाला होता. एखाद्याची नाकपुडी हलली नाही तरी तिला वाटायचं, दया करत असेल. काही दिवस ती तीन-तीनदा आंघोळ करायची, काही दिवस जेवायचीच नाही, म्हणजे पोटात काही तयारच व्हायला नको. केशवरावांनी एकदा हटकलं, तब्येत उतरली तुझी. तिने उन्हाळ्याचं नाव सांगितलं.

गेल्या जूनमध्ये रोपवाटिकेत पार्वताबाई नावाची बाई कामाला लागली. चांदूर रेल्वेची, पन्नाशीची, मोठ्या आवाजाची, समोरच्याच्या तोंडावर बोलणारी. दोघींना एकाच वाफ्यावर बसवलं होतं. शालूने सकाळभर वारा सांभाळला. पण वारा पडला आणि सांभाळायला काही उरलं नाही. तिने चाकू खाली ठेवला.

"बाई, एक सांगतो," ती म्हणाली. "माह्या अंगाले कधी कधी वास येते. आजार आहे. मले समजत नाही कवा येते ते. आला तं तुमी मले सांगत जा."

हे वाक्य तिने जन्मात पहिल्यांदा तोंडाबाहेर काढलं होतं. पार्वताबाईने तिच्याकडे बघितलं, सरळ पुढे वाकून हुंगलं आणि पुन्हा रोपाला हात घातला. "आज नाही," ती म्हणाली. "पट्टी देजो इकडं."

शालूला ते पटलं नाही. पुढचे आठ दिवस पार्वताबाई रोज 'नाही' म्हणत होती आणि शालू रोज तिला खोटारडी समजत होती. त्या नाहीची तिला चीडच येऊ लागली होती.

नवव्या दिवशी, शालू शेजारी येऊन बसते न बसते तोच पार्वताबाई उठली. तिने आपली टोपली, चाकू, बसायचं पोतं उचललं.

"आज येऊन राहिला बाप्पा," ती म्हणाली. "मी तिकडच्या वाफ्यावर बसतो." आणि गेली.

शालू जागेवर बसून राहिली. आदल्या दिवशी केशवरावांच्या घरून हरभऱ्याची उसळ आली होती, ती तिने मोह न आवरून खाल्ली होती. म्हणजे बरोबर होतं. आणि मागचे आठ दिवस, तेही बरोबरच असणार. तिने सावकाश एक डोळा काढला, चिरेत बसवला, पट्टीचे वेढे दिले. मधल्या तीन वाफ्यांत पोरं पाणी सोडत होती, आणि पलीकडून पार्वताबाईचा आवाज आला. आपल्या सुनेबद्दल काल अर्धवट राहिलेली गोष्ट तिने तिथूनच, ओरडून, पुढे सुरू केली होती. दिवस गेले तरी सून दवाखान्यात नाव नोंदवायला जात नव्हती, त्यावरून घरात काय काय झालं ते ती सांगत होती.

मधलं काही शालूला नीट ऐकू आलं नाही. तिने मान वर करून, तोंडाशी हात धरून विचारलं, "मग गेली का नाही ते?"

"आयक तं खरं," पार्वताबाई तिकडून ओरडली.